पुलावर तापलेली गाडी

आमच्या ह्यांना गॅरेजात सगळे 'सावकाश' म्हणतात. खरं नाव विचारलंत तर तिथल्या निम्म्या लोकांना आठवायचंसुद्धा नाही. घरी कुणी फोन केला तरी "सावकाश आहेत का?" असंच विचारतात. आणि ह्या नावाने हाक मारली म्हणून हे कधी चिडले असतील तर शपथ. चिडायचं खातं आमच्या घरात माझ्याकडे आहे.

नाव पडलं त्याचं कारण साधं आहे. एखादी गाडी धापा टाकत, वाफा सोडत गॅरेजात शिरली की बाकीचे मेकॅनिक बॉनेटवर तुटून पडतात. आमचे हे मात्र दोन्ही हात पुढे करून उभे. "सावकाश, सावकाश. आधी गार होऊ दे." मग रेडिएटरच्या रबरी पाइपला उलटा हात लावायचा आणि मनात पन्नासपर्यंत मोजायचं. पन्नास व्हायच्या आत हात काढावा लागला तर बोळात जाऊन उभं राहायचं, दहा मिनिटांनी परत येऊन पुन्हा मोजायचं. गाडीचा मालक तोवर घड्याळ बघून बघून अर्धा झालेला असतो. "अहो, झाकण उघडा आणि पाणी ओता, एवढंच तर आहे!" असं कुणी म्हणालं की हे नुसतं हसतात आणि शर्टाची उजवी बाही कोपरापर्यंत वर करतात. पुढे बोलायची गरज पडत नाही.

नऊ वर्षं झाली त्याला. एक माणूस बायकापोरांना गाडीत बसवून घाईघाईने आला होता. पोरं रडत होती, तो माणूस ओरडत होता आणि आमचे हे तेव्हा तरुण, कामाला तेज. फडकं गुंडाळलं आणि फिरवलं झाकण. आतलं उकळतं पाणी जे उसळलं ते मनगटापासून मानेपर्यंत. मी दवाखान्यात पोचले तेव्हा पडद्यामागून कुणीतरी कण्हत होतं आणि मी नर्सला विचारत होते की माझा नवरा कुठे आहे. इतका तो आवाज अनोळखी झाला होता.

तेव्हापासून हा माणूस घाबरतो. लपवत नाही, सरळ घाबरतो. वाफेला घाबरतो, झाकणाला घाबरतो आणि पंख्याला तर फारच. गाडी बंद करून किल्ली खिशात टाकली, तरी इंजिन तापलेलं असलं की रेडिएटरचा पंखा आपला आपण सुरू होतो. बोटं गेलेली माणसं ह्यांनी पाहिली आहेत. म्हणून पंखा तपासायचा तो कानाने. दोन हात लांब, बाजूला उभं राहायचं, मान वाकडी करायची, ऐकायचं आणि म्हणायचं, "फिरतोय." कान मात्र असा की लांबलांबून लोक गाड्या घेऊन येतात. मी दाराबाहेर गाडी लावली तर आतून सांगतात, डाव्या मागच्या चाकात हवा कमी आहे. मी घड्याळाच्या दुकानात काम करते, सेल बदलते, पट्टे बसवते. कानावर माझंही पोट थोडंफार चालतं, पण ह्यांच्यापुढे मी बहिरी.

आता आईचं सांगते. आई म्हणजे माझी आई. दोन्ही किडन्या गेल्या तशी सहा महिन्यांपूर्वी आमच्याकडे राहायला आली. सोमवार, बुधवार, शुक्रवार डायलिसिस. दवाखाना शहराच्या दुसऱ्या टोकाला आणि मध्ये तो लांबलचक पूल. नऊ वाजता मशीन तिच्या नावावर असतं. सव्वानऊपर्यंत आपण पोचलो नाही तर पुढच्या पेशंटला लावतात. त्यांचंही बरोबर आहे, बाहेर माणसं वाट बघत बसलेली असतात.

आईला पाणी मोजून प्यायचं असतं. दिवसाला एक छोटी बाटली, बस. जास्त झालं तर ते बाहेर पडायला वाट नाही, छातीत साठतं. आणि नेमकी अलीकडे आमची गाडी पाणी प्यायला लागली. मोकळ्या रस्त्यावर गुणी बाळ. गर्दीत अडकली की काटा चढलाच. मी बाटल्यांवर बाटल्या गाडीच्या पोटात ओतायची आणि मागच्या सीटवर आई ओठ ओले करायला घोटभर पाणी जपून धरायची. इतकी चीड यायची मला त्या गाडीची!

एकदा तर पुलाच्या तोंडाशी वीस मिनिटं थांबावं लागलं. पोचलो तेव्हा मशीन गेलं होतं. मग दुपारी कुठूनतरी दोन तासांची जागा निघाली, चाराच्या जागी दोन. त्या संध्याकाळी आई पलंगावर आडवी होईना. उशांना टेकून बसली आणि प्रत्येक श्वासाला खांदे वर. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होते. डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी स्पष्ट सांगितलं, "पुन्हा असं चालणार नाही. शनिवार-रविवारच्या सुट्टीनंतरचा सोमवार तर अजिबात चुकवायचा नाही. दोन दिवसांचं पाणी अंगात असतं."

झालं, मी टॅक्सी सुरू केली. आणि हे गाडीला भिडले. रेडिएटर साफ केला. थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापलं की वाट मोकळी करणारी झडप, ती नवी घातली. झाकण नवं. पाण्याचा पंप उघडून पाहिला. "पंखा?" मी विचारलं. "अगं, पंख्याची मोटर मीच तर बदलली दोन महिन्यांपूर्वी. ऐकतेस ना, फिरतोय." ते खरंच होतं. जुनी मोटर जळाली होती, तर भंगारबाजारातून दुसऱ्या एका गाडीची आणून बसवली होती. प्लग जुळत नव्हता म्हणून कापून वायरी जोडल्या होत्या, काळीला काळी, लालला लाल. हाताने नुकतंच केलेलं काम, त्याच्यावर कोण संशय घेणार? मी तरी माझ्या हाताने बसवलेला सेल पुन्हा उघडून बघत नाही.

रविवारी ह्यांनी गॅरेजच्या सावलीत बॉनेट उघडं टाकून पाऊण तास इंजिन चालू ठेवलं. काटा मध्यावर. मग शहराबाहेर चाळीस किलोमीटर फिरवून आणली. काटा मध्यावर. घरी आले ते चेहरा फुललेला. "आई, उद्या आपल्याच गाडीने जायचं."

मी म्हटलं, "टॅक्सी सांगितलेली आहे."

आई म्हणाली, "नको ती टॅक्सी. तिच्यात बसलं की गुडघे नाकाला लागतात. जावईबापूंनी सांगितलं ना झाली म्हणून? मग झाली."

"आई, सोमवार आहे."

"मग काय झालं? सोमवारी काय ते मेकॅनिक नसतात?"

आता हिच्यापुढे काय बोलणार? टॅक्सीला नको म्हणून सांगितलं आणि पायावर धोंडा पाडून घेतला.

सोमवारी साडेसातला निघालो. मी चालवत होते. हे शेजारी. ह्यांना गर्दीत चालवायला देत नाही मी, कारण हे रस्ता बघतच नाहीत, काटा बघतात. आई मागे, मांडीवर फाइल, पाय सुजून जोड्याच्या बाहेर आलेले. पूल चढेपर्यंत सगळं ठीक होतं. मध्यावर आलो आणि पुढचा ट्रक थांबला. त्याच्या पुढचं सगळंच थांबलं होतं. आरशात पाहिलं तर मागेही गाड्यांची रांग लागलेली. डावीकडे कठडा, उजवीकडे दुभाजक. आठ वाजून पाच मिनिटं.

सुरुवातीला काही नाही. मग काटा मध्य सोडून केसभर वर गेला. मी ह्यांच्याकडे पाहिलं, ह्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही.

"एसी बंद कर," हे म्हणाले.

"बंदच आहे."

"मग हीटर लाव. पूर्ण. काचा खाली."

ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते, हीटर लावला की इंजिनातली उष्णता गाडीत येते, तेवढंच इंजिन गार होतं. ऐकायला छान आहे. त्या उन्हात, अडकलेल्या गाडीत, मागे छातीत पाणी भरलेली आई असताना लावून बघा. पायांवर भट्टी पेटल्यासारखं झालं. आरशात आई दिसत होती, तोंड उघडं ठेवून श्वास घेत होती. मला ते खांदे दिसत होते. वर, खाली. वर, खाली. त्या संध्याकाळसारखेच.

काटा थांबेना. आठ बाराला लाल पट्ट्याला टेकला आणि एक गोडसर वास आला, इंजिनातल्या पाण्यात औषध घालतात त्याचा. मला तो वास आता झोपेतही ओळखू येईल.

"बंद कर! बंद कर गाडी!" हे ओरडले नाहीत, पण आवाज फाटला होता.

मी किल्ली फिरवली. इंजिन थांबलं, पण बॉनेटखाली पंखा फिरत राहिला, घर्र घर्र. आणि कडेने वाफेचा पातळ धूर निघायला लागला. खरं सांगते, त्या क्षणी मला रडायलाही सुचलं नाही. रुग्णवाहिका बोलवावी म्हटलं तर येणार कुठून, वरून? पायी न्यावं म्हटलं तर आईला दाराशी जायला दोन वेळा टेकावं लागतं. पुलाच्या बरोब्बर मध्यावर माझी आई अडकली होती आणि तिला तिथे मीच चालवत आणलं होतं.

आणि राग कुठे काढायचा? हे शेजारीच होते ना. "झाली म्हणालात! चेहरा फुलवून सांगितलंत, झाली! माझ्या आईच्या जिवावर प्रयोग करताय का तुम्ही?"

हे खाली उतरले आणि आधी आईचं दार उघडलं. "आई, आत फार उकाडा आहे. सावकाश उतरा. माझ्या खांद्यावर भार द्या." डिकीतून स्टेपनी काढली, पुढच्या ट्रकची सावली आमच्या बॉनेटसमोर पडली होती, तिथे ती आडवी टाकली आणि आईला तिच्यावर बसवलं.

"तिथे नको!" मी किंचाळले. "ट्रक मागे आला तर?"

ट्रकचा ड्रायव्हर खाली उतरला होता. चांगला आडदांड, मिशाळ माणूस. त्याने चाकामागे दगड सरकवला आणि म्हणाला, "येत नाही हो ताई मागे. आजी, बसा निवांत." मग आमच्या बॉनेटकडे बघून हात चोळत आला. "काय, तापली? अहो, त्यात काय! झाकण काढा, माझ्याकडे पाण्याचा कॅन आहे."

ह्यांनी बॉनेट उघडलं होतं आणि नेहमीसारखे बाजूला उभे होते, दोन हात लांब, मान वाकडी. पण तो ड्रायव्हर भला माणूस, मदतीला उतावीळ. खांद्यावरचं फडकं हातात घेतलं आणि सरळ झाकणाकडे हात घातला.

"हात काढ!"

मी दचकले. नऊ वर्षांत हा आवाज मी ऐकला नव्हता. ह्यांनी त्या आडदांड माणसाला दोन्ही हातांनी छातीवर ढकललं होतं. तो दोन पावलं मागे गेला, तोंड उघडं. आजूबाजूच्या गाड्यांतून माथी बाहेर आली. मला वाटलं, आता इथे मारामारी होणार आणि आई मध्ये बसलेली. ह्यांनी बाही वर केली. ड्रायव्हरने बघितलं. फडकं पुन्हा खांद्यावर टाकलं.

आठ बावीस. "किती वेळ लागेल गार व्हायला?" मी विचारलं.

"अर्धा तास. जास्तच."

"आणि मग?"

"मग पाणी घालू. निघू."

"आणि पुन्हा अडकलो की पुन्हा तापेल?"

हे बॉनेटकडे वळले. म्हणजे हो. म्हणजे दवाखाना आज नाही. मी आईकडे पाहिलं. ती स्टेपनीवर बसली होती, दोन्ही हात गुडघ्यांवर, फाइल मांडीवर. पुलाखालून काही वारा येत नव्हता, सगळं जागच्या जागी तापत होतं. आणि ती आपली उगीचच बोलावं तशी म्हणाली, "जावईबापू, तुमच्या गाडीच्या तोंडातून गरम वारा येतोय हो माझ्या पायांवर. चटके बसतात अगदी."

"आई, जरा बाजूला सरकवतो तुम्हाला," हे म्हणाले. आणि तिथेच थांबले.

"कुठून येतोय म्हणालात?"

"पुढून. ह्या जाळीतून. मी काय खोटं सांगते?"

मला काहीच कळलं नव्हतं. ट्रकवाल्यालाही नाही. पण ह्यांचा चेहरा मी बघितला आणि मला आणखी भीती वाटली. असा चेहरा मी फक्त रिपोर्ट वाचणाऱ्या डॉक्टरांचा बघितला आहे.

"येणार नाही," हे स्वतःशीच म्हणाले. "पुढून वारा बाहेर येणारच नाही. पंखा वारा आत ओढतो. पुढून आत." मग खिशातला रुमाल काढला आणि नऊ वर्षांत जिथे कधी उभे राहिले नव्हते तिथे, गाडीच्या तोंडासमोर, वाफेच्या आणि पंख्याच्या पुढ्यात जाऊन उभे राहिले. हात लांब केला. रुमाल जाळीपाशी नेला तसा तो फडफडून उलटा ह्यांच्याच छातीवर येऊन बसला.

"उलटा फिरतोय," हे म्हणाले. "पंखा उलटा फिरतोय. मी वायरी उलट्या जोडल्या."

मग मला समजेल असं भराभर सांगितलं. ती मोटर दुसऱ्या बनावटीच्या गाडीची. तिच्यात काळी-लालचा हिशेब वेगळा असणार. रंगाला रंग जोडला तर मोटर फिरली, पण उलटी. इंजिनाची गरम हवाच रेडिएटरमधून पुढे ढकलत राहिली. मोकळ्या रस्त्यावर समोरचा वारा जोरात येतो, तो पंख्याला पुरून उरतो, म्हणून काटा मध्यावर. गॅरेजात बॉनेट उघडं, गरम हवा वरून निघून जाते, म्हणून काटा मध्यावर. गर्दीत ना पुढचा वारा, ना वरची वाट. आणि लांबून ऐकलं तर पंखा फिरतोच आहे. सुलटा काय, उलटा काय, आवाज तोच.

"पुढे हात धरून बघितलं असतं तर पहिल्या दिवशी कळलं असतं," हे म्हणाले. "मी बघितलं नाही. घाबरलो म्हणून."

मला बोलायला शंभर गोष्टी होत्या. पण आठ सत्तावीस झाले होते. "दुरुस्त करायला किती वेळ?"

"दोन वायरी अदलाबदल करायच्या. पाच मिनिटं. पण..."

'पण' काय ते मला दिसत होतं. वायरींचा जोड रेडिएटरच्या मागे, झाकणापासून वीतभर. आणि झाकण अजून सुस्कारे टाकत होतं. ह्यांचा नियम होता पन्नास मोजायचा, आणि आज पाइपला हात लावला तर तीनसुद्धा मोजून झाले नसते. पन्नास होईपर्यंत थांबलो तर मशीन गेलं.

ह्यांनी बॅटरीची वायर काढली, तसा पंखा थांबला. एकदम शांत झालं. पक्कड घेतली, वाकले आणि जोड तोडला. तिथवर जमलं. पण पुढे वायरीचं टोक सोलायचं, पीळ द्यायचा, तर बोटं ऐकेनात. पक्कड दोनदा खाली पडली. कपाळावरचा घाम डोळ्यांत जात होता. झाकण फुसकन आवाज करायचं की हे मागे हटायचे, पुन्हा वाकायचे, पुन्हा हटायचे. ट्रकवाला म्हणाला, "मी करू का?" पण त्याची बोटं केळ्याएवढी, तिथे शिरणार कशी.

"द्या इकडे," मी म्हटलं. "दिवसभर मी केसाएवढे स्क्रू फिरवते. सांगा काय करायचं ते."

"नाही. तुझा हात नाही घालायचा तिथे."

"अहो, आई बसली आहे समोर!"

ह्यांनी आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग गाडीतलं पायाखालचं रबरी पायपुसणं ओढून काढलं, झाकणावर दुमडून ठेवलं, आणि त्याच्यावर आपला उजवा हात आडवा धरला, तोच, कोपरापर्यंत डागांचा. मान दुसरीकडे वळवली. "आता कर," हे म्हणाले. "काही उडालं तर मला उडेल."

मी वाकले. त्यांचा हात माझ्या गालाला लागत होता आणि तो अख्खा थरथरत होता, खांद्यापासून. पायपुसण्याखाली झाकण खदखदत होतं, मला ऐकू येत होतं. मला सांगायला लाज नाही, मी मनातल्या मनात आईला हाका मारत होते, आणि आई चार हातांवर बसलेली. मोटरची काळी गाडीच्या लालला. पीळ दिला. मोटरची लाल गाडीच्या काळीला. पीळ दिला. वर काळी चिकटपट्टी गुंडाळली. एकदा बोट कशालातरी चिकटलं आणि चटका बसला, पण तोंडातून आवाज काढला नाही. काढला असता तर ह्यांनी तिथेच सगळं सोडून मला ओढलं असतं.

"झालं," मी म्हटलं. तरी ह्यांनी हात काढला नाही. मी सरळ उभी राहिले, दोन पावलं मागे आले, तेव्हा काढला.

बॅटरीची वायर जोडली. पंखा लगेच सुरू झाला, तोच घर्र घर्र. ह्यांनी रुमाल पुढे धरला आणि तो जाळीला चप्प चिकटला. ट्रकवाल्याने टाळी वाजवली. आई म्हणाली, "अगं बाई, वारा थांबला!"

पुढे रांग हलायला लागली, आईला मागे बसवून झाकण न उघडताच गाडी सुरू केली, तेव्हा आठ एक्केचाळीस झाले होते. पुलावरून उतरेपर्यंत आम्ही मुंगीच्या पावलांनी जात होतो. काटा लालवरून सुटला, खाली आला, मध्यावर आला. गर्दीतच आला. तरी माझा विश्वास बसेना. दवाखान्याच्या दाराशी गाडी बंद केली तेव्हा माझे बूट आतून चिंब झाले होते, एवढा पायांना घाम. नऊ वाजून अकरा मिनिटं.

सिस्टर दारातच उभी होती. "आजी, चला, चला, आता दुसऱ्याला लावणारच होते." चाकाची खुर्ची आली. आईला त्यात बसवलं तसे हे एकदम पुढे झाले आणि खुर्चीपुढे गुडघ्यावर बसले.

"आई, वायरी मीच उलट्या लावल्या होत्या. हे सगळं माझ्यामुळे झालं. आजचं, मागच्या वेळचंही."

सांगायची काही गरज नव्हती हो! आईला गाडीतलं काय कळतं? मी सांगणार नव्हते. पण ह्या माणसाला पोटात काही ठेवता येत नाही.

आईने ह्यांच्या डागाळलेल्या हातावर हात ठेवला. "मला कळलं होतं तिथेच. काय बहिरी आहे का मी?" मग आवाज खाली आणून म्हणाली, "जावईबापू, मला गाडीची भीती नाही वाटली. आत जी सुई टोचतात ना, जाडजूड, दोन-दोन, तिची वाटते. प्रत्येक वेळी वाटते. आज जरा आत येता का माझ्याबरोबर? हात धरायला?"

मी मागेच उभी होते. हे गोंधळून माझ्याकडे बघायला लागले. "हिला पाठवू का?"

"तिला नको," आई म्हणाली. "ती घाबरते. तिला दाखवत नाही मी."

सहा महिने मी त्या दाराबाहेरच्या बाकावर बसते आहे. फोन बघते, चहा पिते, येणाऱ्या-जाणाऱ्यांवर खेकसते. आई आत जाताना हसून हात हलवते आणि मला खरंच वाटायचं की तिला काही होत नाही. नऊ वर्षं घरातला भित्रा माणूस कोण ह्यावर मी चारचौघांत विनोद करत आले. आणि माझ्या आईने, अंगात दोन दिवसांचं पाणी घेऊन, त्या भित्र्या माणसाला हात धरायला निवडलं, कारण तो भीती वाटली तरी आला असता.

हे आत गेले. दार अर्धवट उघडं राहिलं होतं. सिस्टरने आईचा हात उशीवर ठेवला, कापूस फिरवला, सुई हातात घेतली. हे पांढरेफटक पडले होते, पण मान वळवली नाही. आईने डोळे मिटले आणि ह्यांचं मनगट असं आवळलं की बोटं पांढरी झाली. मी दाराला हात लावला. ढकलायचं होतं मला, देवाशपथ. पाय उचलेना.

त्या दिवशी मी आत गेले नाही. बुधवारी गेले. सगळा वेळ रडत होते आणि आई मलाच गप्प करत होती, पण हात मी सोडला नाही.